मले, तुले आणि निपाने सर

निपाने सर गेल्याची बातमी मला शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर कळली. कुणीतरी त्यांचा निवृत्तीच्या दिवशीचा, गळ्यात झेंडूचा हार घातलेला फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘निपाणे सरांना भावपूर्ण श्रद्धांजली’. त्याखाली जोडलेल्या हातांची रांगच रांग. मला रडू येत होतं, आणि तरी पहिला विचार मनात आला तो हा, की मेल्यावरसुद्धा बिचाऱ्यांचा ‘न’ कुणी जागेवर राहू दिला नाही. आयुष्यभर लोक तो सुधारून ‘ण’ करत आले. सर हसून म्हणायचे, “आमी नळातल्या न-चे जी. बाणातला ण आमच्या बाजूले पिकतच नाही.”

खोटं नाही ते. आमच्या भंडारा जिल्ह्यात पाण्याला पानी म्हणतात, डोळ्याला डोरा म्हणतात आणि ‘मला’ला ‘मले’. या एका ‘मले’पायी सरांच्या घराचं काय झालं, ते मला सांगायचं आहे. साकोलीकडच्या खेड्यांतल्या दोन पिढ्यांना वाचायला शिकवणाऱ्या या माणसाचा स्वतःचा मुलगा वाचत नव्हता. प्रकाश त्याचं नाव. तुमसरला राइस मिलमध्ये पोती उचलायचा आणि बापाशी बोलायचा नाही. सरांना उरलेल्या आयुष्याकडून एवढंच हवं होतं, की प्रकाशनं त्यांना एकदा बाप म्हणून घरात घ्यावं.

मी त्यांच्या शाळेत गेले तेव्हा नवीन होते आणि नव्या शिक्षकाला असतो तेवढा माजही होता. एकोडीच्या पुढे, बोडीच्या काठावर ती शाळा. बोडी म्हणजे धानाच्या शेताला पाणी देणारं लहानसं तळं. शिक्षक दोनच, सर आणि मी. पहिल्याच आठवड्यात मी तिसरीतल्या पाच-सहा मुलांना वेगळं बसवलं आणि सरांना म्हणाले, “सर, ह्यांना काहीच येत नाही. कोरी पाटी आहे.”

सरांनी खिशातून फुटाणे काढले, दोन माझ्या हातावर ठेवले. “म्याडम, तुमी शेतीवाल्या घरच्या का?”

“नाही. बाबा बँकेत होते.”

“मंग बरोबर हाये. धान दोन जातीचा रायते. हलका धान दिवाळीच्या आंदीच कापाले येते. भारी धानाले वेळ लागते. आता हलका कापून झाला म्हणून कोनी भारी धानात ढोरं सोडते का?”

तेव्हापासून त्या मुलांना आमच्या शाळेत भारी धान म्हणायचे. मुलांनाही ते आवडायचं. ‘भारी’चा अर्थ ती आपल्या सोयीनं घ्यायची. शेजारच्या गावचा एक मुलगा तर घरी जाऊन सांगून आला, की सरांनी मला भारी पोरांत बसवलं.

सर स्वतः शेतकरी नव्हतेच. मोहाडीच्या विणकरांचं घर. वडील कोशाची, म्हणजे टसर रेशमाची लुगडी विणायचे, सर त्या घरातले पहिले शिकलेले. उंच, थोडे वाकलेले, पायात चामड्याच्या जुन्या चपला. मागाची एक खोड अंगात राहिली होती. कुठलंही कापड दिसलं की ते दोन बोटांत धरून पाहायचे. शाळेचा पडदा असो, सत्काराची शाल असो, बोटं गेल्याशिवाय राहत नसत. पोषण आहाराची खिचडी शिजवणारी सुशीलाबाई म्हणायची, “सर माह्या लुगड्याकडं पाहून राहिले का मनलं, तं ते काठ पाहून राहिले होते जी!”

पण त्यांचं खरं वेगळेपण दिसायचं ते मूल वाचायला बसल्यावर. सर मुलाच्या शेजारी जमिनीवर बसत, दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून धरत आणि खिडकीबाहेर पाहत. मुलाकडे नाही, पुस्तकाकडे तर नाहीच. मूल अडलं तरी मान वळवायची नाही. बाहेर म्हशी चालल्या असतील तर म्हशी पाहत बसायचे. मला वाटायचं, हा काय शिकवण्याचा प्रकार आहे? एकदा विचारलंच.

“पोट्टं लय हुशार रायते म्याडम. आपल्या तोंडाकडं पाहून वाचते. आपल्या भिवया वर गेल्या की अक्षर बदलवते. तोंडच नाही दाखवलं तं कुठं जाईल? पुस्तकातच जाईल.”

“आणि हात? थंडी वाजते का?”

सरांनी नजर खिडकीबाहेर वळवली. फुटाणे काढायलाही विसरले. मी समजले, की इथं थट्टा करायची नाही. पुढे सुशीलाबाईनं अर्धं सांगितलं. सर तरुणपणी फार मारके होते. सगळ्यांत जास्त मार घरात पडायचा, प्रकाशला. पोरगं पुस्तक पाहिलं की ओकायचं. सातवीत असताना शाळेतूनच पळालं ते तुमसरला मामाकडे, मिलमध्ये. परत आलं ते आईच्या मयतीलाच. अग्नी दिला, आंघोळ केली आणि बापाकडे न पाहता निघून गेलं. त्या पळण्यानंतर सरांनी छडी सोडली. उरलेलं अर्धं मला सरांच्या तोंडून कळलं, आणि ते कळलं मंगलीमुळे.

मंगली तिसरीत होती. भारी धानातली सगळ्यांत भारी. बाप गोसीखुर्दच्या धरणावर मासे धरायला जायचा, आई धानाच्या रोवणीला नाहीतर कापणीला. मंगलीला अक्षरं येत, शब्द येत नसत. आले तर वाक्य येत नसे. सर रोज खिचडी झाल्यावर तिला घेऊन बसायचे. खिडकीबाहेर पाहायचे. एका दुपारी मी त्याच खोलीत पहिलीच्या पाट्या पुसत होते. पुस्तकात वाक्य होतं, ‘आईने मला पाणी दिले.’ मंगलीनं बोट ठेवलं आणि एका दमात वाचलं,

“मायनं मले पानी देल्लं.”

मला हसू आलं. एकही शब्द पुस्तकातला नव्हता. मी सरांकडे पाहिलं, तर सरांनी मान वळवली होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते वाचणाऱ्या मुलाच्या बोटाकडे पाहत होते.

“पुन्यांदा वाच, बाई.”

मंगली घाबरली. तिनं पुन्हा वाचलं, तसंच. ‘मला’वर बोट ठेवलं आणि ‘मले’ म्हणाली. ‘पाणी’वर बोट ठेवलं आणि ‘पानी’ म्हणाली. बोट कुठेही घसरलं नाही.

“बरोबर हाये,” सर म्हणाले. “एकदम बरोबर हाये. जाय, खेळ.”

मंगली उड्या मारत गेली. सर उठून हापशीवर गेले. मला वाटलं हातपाय धुतील आणि येतील. ते हापशीचा दांडा धरून नुसते उभे राहिले. मुलं पाणी प्यायला आली आणि त्यांना पाहून परत फिरली. शाळा सुटल्यावर खोल्यांना कुलपं लावताना ते बोलले. माझ्याकडे पाठ करूनच बोलले.

“प्रकाश असंच वाचे, म्याडम. अस्संच. पुस्तकात मला, अन् तो म्हणे मले. मी म्हणो, कुठं लिवलं हाये ‘मले’? दाखव! अन् एक छडी. तो पुन्यांदा वाचे, मले. पुन्यांदा छडी. मले वाटे ह्याले वाचता येत नाही, अंदाजानं ठोकून देऊन राहिला.” त्यांनी कुलूप ओढून पाहिलं, लागलेलं कुलूप पुन्हा ओढून पाहिलं. “‘मले’ म्हनाच्या आंदी ‘मला’ वाचाच लागते ना? न वाचता ते आलं कुठून? त्याले येत होतं, म्याडम. मी समजत होतो, येत नव्हतं म्हणून मारलं. येत होतं. म्या त्याचं येनारं वाचनं मारलं.”

‘जाऊ द्या सर’ असं म्हणाले असेन. असल्या वेळी माणूस जे म्हणतो तेच. सर म्हणाले, “हे हात मांडीखाली दाबून ठेवतो, ते ह्याच्यासाठी. ह्यायचा भरोसा नाही मले.”

मग हळूहळू त्यांनी बाकीचंही सांगितलं. तरुण असताना ते पुण्याकडे कसल्याशा प्रशिक्षणाला गेले होते. तिथं उभं राहून काहीतरी विचारलं, त्यात ‘मले’ आलं आणि सगळा वर्ग हसला. पुढचे दिवस लोक त्यांना ‘काय मले’ अशीच हाक मारायचे. सर घरी परतले ते ठरवूनच, की माझ्या पोराला कुणी असं हसणार नाही. ‘मले’ बोललं की मार. ‘पानी’ म्हटलं की मार. दुसऱ्यांच्या हसण्याचा वळ त्यांनी आपल्या पोराच्या पाठीवर काढला. माझी आई म्हणते तशातली गत, धोब्यावर चालत नाही म्हणून गाढवाचे कान पिळायचे. पण इथं गाढव कुठलं? सात-आठ वर्षांचं लेकरू होतं ते.

त्याच रविवारी सर तुमसरला गेले. प्रकाशला सांगायला, की तुला वाचता येत होतं. काय झालं ते सोमवारी मी विचारलं. सर म्हणाले, “मिलच्या गेटापाशी भेटला. म्या सांगतलं. पाठीवर पोतं होतं त्याच्या. उभा रायला, आयकलं सारं. मंग म्हणे, बाजूले व्हा, वझं हाये.”

एवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पण त्यांचं शिकवणं त्या दिवसापासून पार बदललं. भारी धानातल्या मुलानं काहीही बोलावं, सर ते जसंच्या तसं फळ्यावर लिहायचे. ‘माह्या बाबानं वाघूर फाडली.’ वाघूर म्हणजे जाळं. ‘म्या बोडीत डुबी मारली.’ आपल्याच तोंडचं वाक्य मूल लगेच वाचायचं. वाचता आलं म्हणून स्वतःच दचकायचं. मग सर त्याच्याखाली पुस्तकातलं वाक्य लिहायचे आणि सांगायचे, “हे पाहा, मले अन् मला दोघं सख्खे भाऊ. मले गावात रायते. मला शिकून शहरात गेला, पँट घालते. आता तो पुस्तकात बसून पाहुणा आला हाये. पाहुण्याले हाकलते का कोनी? त्याले बी घरात घ्या.” मुलं खो खो हसायची. पुस्तकात ‘मला’ दिसला की ओरडायची, “सर, पँटवाला!” आणि मग ‘मला’ वाचायची.

मंगली चौथीत जाईपर्यंत पुस्तकच्या पुस्तक वाचायला लागली. बोलताना ‘मले’ म्हणायची, वाचताना ‘मला’. मी इतकी वर्षं शिकवते आहे, त्याहून सुंदर काही मी वर्गात पाहिलेलं नाही.

एकदा तपासणीला साहेब आले. फळा पाहून त्यांचं कपाळ आक्रसलं. “सर, हे काय अशुद्ध लिहून ठेवलंय? परीक्षा प्रमाण मराठीत होणार आहे. पोरांचं नुकसान करताय तुम्ही.” साहेब वाईट नव्हते, बोलणंही चुकीचं नव्हतं. सरांनी मान डोलवली. “खरं हाये तुमचं, साहेब. जायचं तं ‘मला’च्याच घरी हाये. पर निघा लागते आपल्या घरून.” साहेब आणखी काही बोलणार, तेवढ्यात सरांची बोटं त्यांच्या शर्टाच्या बाहीवर गेली. “हातमाग म्हणून घेतला का, साहेब? पॉवरलूम हाये.” साहेबांना हसावं की रागवावं कळेना. फळा मात्र त्यांनी पुसायला लावला. सरांनी स्वतःच पुसला, आणि जीप वळणावरून दिसेनाशी झाल्यावर पुन्हा लिहिला.

पुढे सर निवृत्त झाले आणि मोहाडीला जाऊन राहिले. फोनवर बोलणं व्हायचं. शाळेचं सगळं विचारायचे, कुणाचं वाचन कुठवर आलं ते नावानिशी विचारायचे. गेल्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीकडे तुमसरला जायचं होतं, म्हणून मी त्यांना कळवलं. सर घाईघाईनं म्हणाले, “म्याडम, एक काम होतं. प्रकाशच्या घरवालीचा फोन आला. नात दुसरीत हाये, परी. वाचत नाही म्हणते. मले सासऱ्याले म्हणते, मामाजी, तुमी या. तुमी सोबत असल्या तं... पाहुण्यासमोर तो दरवाजा तं नाही ना लावनार.”

तुमसरच्या बसस्टँडवर सर भेटले तेव्हा मी ओळखलंच नाही. इतके वाळले होते. पण दाढी गुळगुळीत, शर्ट कडक इस्त्रीचा. मुलगी बघायला निघालेल्या पोरासारखे नटून आले होते. रस्ताभर मला समजावत होते, की परीशी आधी काय बोलायचं, पुस्तक आधी काढायचंच नाही, तिचंच एखादं वाक्य कसं घ्यायचं. “पहिल्यांदा तिले बोलू द्यायचं, म्याडम. बोललं की झालं.” ज्यानं हजार वेळा तेच केलं होतं, तो माणूस परीक्षेला निघाल्यासारखा घोकत होता.

मिलच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. सगळीकडे कोंड्याचा वास. सुनेनं चटई टाकली, पाणी दिलं, सरांच्या पाया पडली. परी दाराआडून पाहत होती. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. सरांनी तिच्याकडे पाहिलं मात्र, त्यांचा चेहरा असा झाला, की मला तिथून नजर काढावी लागली. तेवढ्यात प्रकाश कामावरून आला. भुवयांवर, कानांवर कोंडा बसलेला. आम्हाला पाहून थांबला. मला नमस्कार केला. बायकोला म्हणाला, “चहा ठेव.”

चहा झाला. शेवटी सूनच म्हणाली, “मामाजी, पाहा ना जरासं हिचं. शाळंत म्हणतेत हिले काहीच येत नाही.”

सर पुढे सरकले.

“नाही,” प्रकाश म्हणाला.

आवाज चढलेला नव्हता. तो रागावलेला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

“बाबूजी, तुमी या. कवाही या, जेवून जा. पर पोरीच्या पुस्तकाले हात नोका लावू.”

“मी आता मारत नाही रे, बाबू.” सर म्हणाले. “कोनालेबी इचार. कवापासूनच मारत नाही.”

“मले मालूम हाये जी. एकोडीकडचे लोकं धान घेऊन येतेत ना मिलमंदी. सांगतेत. आमचे सर कसे हासवतेत, कसे गोष्टी सांगतेत, मुकं पोट्टं बी कसं वाचाले लागते. मी पोते उचलत आयकत रायतो.” तो चहाच्या कपाकडे पाहत बोलत होता. “तुमी लय चांगले सर झाले, बाबूजी. पर तुमी ते माह्यावर शिकले.”

सरांनी मान हलवली, समजल्यासारखी. खाली उरलेला घोटभर चहा पिऊन टाकला. परीच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला आणि प्रकाशकडे पाहून परत घेतला. “येतो,” म्हणाले.

सून आम्हाला सोडायला गल्लीत आली. ती पदराला डोळे पुसत होती. सर उंबऱ्याबाहेर चपला घालत होते. आतून प्रकाशचा आवाज आला, किती मऊ आवाज, “वाच बेटा, तुयं तू वाच.” आणि परी वाचायला लागली. एक शब्द, दुसरा शब्द, बरं चाललं होतं. मग ती अडली. “कुं... कुं...”

आम्ही सगळेच थांबलो.

“कुं... बाबा, हे काय हाये?”

प्रकाश पुस्तकाकडे पाहत असणार. शाळा सोडल्यापासून त्यानं पुस्तक उघडलंच नव्हतं, त्याला कुठलं सांगता येणार होतं?

“पाय बरं बेटा. चांगलं पाय. येईल.”

“कुं... कुं... बाबा, सांगा ना!”

शब्द सरांना कळला होता, ते त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. मला त्यांच्या ओठांवरूनच कळला, कुंपण. सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं, तिनं हातच जोडले. मी म्हणाले, “सर, एक शब्द तर आहे. इथूनच सांगा. पुस्तकाला हात कुठं लागतो?”

“नाही म्हणला ना तो,” सर म्हणाले. “लहानपनी त्याचं एक डाव बी आयकलं नाही म्या. आता तरी आयकू द्या मले.”

आणि ते चालू लागले. पाठीमागे वळून न पाहता, भिंतीला हात लावत लावत. मी त्यांच्या मागून गेले. मला प्रकाशचा राग आला होता आणि प्रकाशचं सगळं बरोबर होतं. परीचं ते ‘कुं, कुं’ गल्लीच्या वळणापर्यंत आमच्या मागे येत राहिलं. वळणावर सर थांबले आणि कान देऊन उभे राहिले, तिला शब्द सापडतो का ते ऐकायला. तेवढ्यात मिलचा पट्टा सुरू झाला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.